दोनदा ठोकलं की जाऊ दे

प्रिय भिंगरी,

अगं, मी समुद्र बघून आले! हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं. नाहीतर माझं ठाऊक आहे ना तुला, निघते समुद्राला आणि पोचते शेजारणीच्या गुडघेदुखीला. पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण आजोबांची खुर्ची फोनच्या शेजारीच, आणि माझं हळू बोलणंसुद्धा खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं असं तूच म्हणतेस. अक्षर वाकडंतिकडं आहे, ते गोड मानून घे. माझी शाळा केवढी? धाकटा भाऊ झाला, त्याला कडेवर घेतलं आणि पाटी खाली ठेवली ती ठेवलीच. लांबलचक शब्द आला की मी खड्डा चुकवावा तशी बाजूने जाते.

तर पुढच्या रविवारी तू आणि तुझी लेक, आपलं बटण, येणार, म्हणून इकडे नुसती धांदल आहे. आजोबांनी बटणाला फोनवर वचन दिलंय ना, हिरव्या गाडीतून समुद्राच्या रस्त्याने थेट दीपगृहापर्यंत न्यायचं म्हणून! त्या दिवसापासून स्वारी गाडीवरचं कापड काढते, पुसते, परत घालते. मागच्या शनिवारी म्हणाले, "पोरीला न्यायच्या आधी एकदा रंगीत तालीम करू. तू चल." मला तेवढंच हवं होतं. किती वर्षांत मी या शहराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. अंडी उकडली, केळी घेतली, थर्मासमध्ये कॉफी भरली, तू दिलेल्या नव्या चपला घातल्या. त्या अजून थोड्या चावतात, पण मी कुणाला सांगत नाही. दिलेल्या वस्तूचे दात मोजू नयेत.

तुला त्या रस्त्याचं वेगळं काय सांगू! आजोबांनी जन्मभर तिथे सहलीची बस चालवली. रविवारी शहरातली माणसं भरायची, समुद्राकाठी मोकळी करायची आणि उन्हाने लाल झालेली परत आणायची. लग्न नवंनवं होतं तेव्हा बसवरचा मदतनीस पायरीवरून पडला आणि महिनाभर त्याच्या जागी मी जात होते. साहेबाला पत्ता नाही! वळणावर ज्यांना मळमळेल त्यांना लिंबाच्या गोळ्या द्यायच्या, आणि गाडी वळवताना खाली उतरून पत्र्यावर ठोकायचं. एकदा ठोकलं की थांब. दोनदा ठोकलं की जाऊ दे. भराभर ठोकत राहिलं की मागे येत राहा. तुला गाडी शिकवतानाही त्यांनी हेच केलं, आठवतं? तू रडायचीस, की आजोबा ओरडत नाहीत, नुसते ठोकतात. अगं, ते त्यांचं ओरडणंच. तोंडाच्या शब्दावर माणूस वाद घालतो, पण ठोक्यावर पाय आपोआप ब्रेकवर जातो, असं ते म्हणतात.

निघताना जिन्यात एक गंमत झाली. खालच्या बाईंनी फरशी पुसायचा दांडा धुऊन, फडकं वर करून, भिंतीला टेकून उभा केला होता. आजोबा त्याला म्हणाले, "नमस्कार, बऱ्या आहात ना?" आणि गाडीत बसल्यावर माझ्याकडे तक्रार, की हल्ली खालच्या बाईंना शिष्टपणा आलाय, उत्तरसुद्धा देत नाहीत. मी इतकी हसले की उचकी लागली. अहो, तो दांडा होता, असं सांगितलं तर तेही हसले. पण जरा उशिरा हसले. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. वर्तमानपत्र हल्ली मीच वाचून दाखवते, कारण म्हणे माझा आवाज कानाला बरा वाटतो. या वयात नवऱ्याने आवाजाची स्तुती केली तर बाई का म्हणून शंका घेईल, सांग!

शहरात एक मोठी पिवळी बस पुढे लागली. आजोबा तिच्या मागे मागे, गाईमागे वासरू जावं तसे. ती थांबली की हे थांबले, ती निघाली की हे निघाले. बाजूचा रस्ता मोकळा होता, मी म्हटलं, जा ना पुढे. तर म्हणाले, "घाई कसली? समुद्र कुठे पळून चाललाय?" आणि मग, भिंगरी, ती बस वळली आणि तिच्या मागोमाग आम्हीही वळलो, थेट बस डेपोच्या फाटकातून आत! चारी बाजूंना बसच बस, मध्ये आपली हिरवी गाडी, मुंगळ्यांत चुकून शिरलेल्या हिरव्या किड्यासारखी. पहारेकरी धावत आला, म्हणाला, "बाबा, नोकरी मागायला आलात की काय?" आजोबांनी मान ताठ केली, म्हणाले, "जुनं ठिकाण आहे, बायकोला दाखवायला आणलं." त्यांचा डेपो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता, हे मला माहीत आणि त्यांना माहीत. मी हसले. पहारेकरीही हसला. पण या वेळी उचकी लागली नाही.

मग घरं विरळ झाली, आणि टेकडीचा चढ संपला तोच एकदम समुद्र! अगं, काय सांगू, डोळ्यांत मावेना. खाली कोळ्यांच्या होड्या, कुणी मुठीतून बिया सांडाव्यात तशा. वाऱ्याने माझे केस विस्कटले, मी काच खाली करून हात बाहेर काढला, अगदी बटणासारखा. आणि गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली, म्हणजे समुद्र केवढा असेल बघ. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "बोलत का नाहीस?" मी चाट पडले. आजवर ज्या माणसाने मला तोंडाला ब्रेक लाव म्हटलं, तो म्हणतो बोल! म्हणाले, "रस्ता कसा दिसतो सांग. माणसं आहेत का? पुढे गाडी आहे का? तुझं ऐकलं की बरं वाटतं." त्यांनी चाक असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी झाली होती. समोर बघत नव्हते, मान किंचित वाकडी, कोंबडी बघते ना एका डोळ्याने, तशी. आणि मला एका क्षणात कळलं. दांडा कळला, पिवळी बस कळली, वर्तमानपत्र कळलं. माझ्या आवाजाला काही गोडी आलेली नव्हती.

मी काय करणार होते? एका बाजूला डोंगर, एका बाजूला कडा, रस्ता अरुंद, थांबावं तर मागून येणारा येऊन आपटेल. थांबा म्हणून किंचाळले असते तर त्यांचा हात हलला असता. म्हणून मी बोलायला लागले. जन्मात बोलले नाही इतकं बोलले, आणि तेही हसऱ्या आवाजात. अहो, कडेचे पांढरे दगड किती छान रंगवलेत, बघा अगदी आपल्या चाकाला लागून आहेत! लगेच गाडी आत सरकली. अहो, समोरून निळा ट्रक येतोय, चढाला धापा टाकतोय बिचारा! गाडी हळू झाली. मी शेजारणीचं सांगावं तसं रस्त्याचं सांगत होते, आणि तोंडातली थुंकी वाळून जीभ टाळूला चिकटत होती. तेही मध्ये मध्ये म्हणत होते, आता वाकडं झाड येईल, आता कठडा, आता उतार. रस्ता त्यांना पाठ होता, गाणं पाठ असतं तसा. मला वाटलं, निभेल. वाकडं झाड आलं, कठडा आला. उतार आला. दीपगृहाचं पांढरं टोकसुद्धा दिसायला लागलं.

पण गाणं पाठ असलं तरी कुणी मधली ओळच फाडून नेली तर? उताराच्या वळणावर अर्धा रस्ता खचलेला होता. समुद्राकडची बाजू वाहून गेलेली, आणि तिथे भगव्या रंगाची पिंपं आडवी लावलेली. एवढी मोठी, आपल्या बाथरूममधल्या पिंपाच्या दुप्पट. मला ती लांबूनच दिसली. मला वाटलं, एवढं तर त्यांनाही दिसेल. आजोबांनी वेग कमी केला नाही. मी तोंड उघडलं तर, भिंगरी, शब्दच येईना. एवढी बडबडी मी, आणि ऐन वेळेला घशातून वारासुद्धा निघेना. माझा हात मात्र उठला. त्याने पुढच्या फळीवर ठोकलं. एकदा.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. थर्मास माझ्या पायावर आदळला, अंडी सीटखाली गेली. पुढचा पत्रा पिंपाला टेकला होता, नुसता टेकला होता, गाईने नाक लावावं तसा. पिंपाच्या पलीकडे रस्ता नव्हता. खाली पाणी खडकावर फुटत होतं, त्याचा आवाज येत होता. आणि आजोबा थेट त्या पिंपाकडे तोंड करून मला म्हणाले, "काय झालं? कशाला ठोकलंस?"

त्या वाक्याने मला जी भीती वाटली, ती कड्याने वाटली नव्हती बघ. मी म्हटलं, "काही नाही, जरा मागे घ्यायला हवी. मी उतरते." उतरले. त्या नव्या चपला चावत होत्या. मागे जाऊन उभी राहिले, डिकीच्या पत्र्यावर हात ठेवला आणि भराभर ठोकायला लागले. गाडी इंच इंच मागे. कड्याकडे जायला लागली की मी एकदा ठोकायची, ते थांबायचे, मग चाक वळवायचे. वाऱ्याने माझा पदर तोंडावर येत होता आणि मी डाव्या हाताने तो धरून उजव्या हाताने ठोकत होते. अशी आम्ही ती गाडी वळणावरच्या मोकळ्या जागेत आणली. आणि खरं सांगू का? हसशील. त्या भीतीतसुद्धा मला मनातून वाटलं, अगं, आपल्याला अजून येतंय की हे!

मग आम्ही तिथेच बसून अंडी खाल्ली. जरा चेपली होती. आजोबा म्हणाले, "समुद्र कसा आहे?" मी सांगितलं, होड्या, फेस, पाण्यावर ढगाची सावली. ते ऐकत राहिले. मग स्वतःहूनच म्हणाले, की समोरच्या काचेवर कुणीतरी अंगठा टेकवून ठेवल्यासारखं दिसतं. कडेकडेचं दिसतं, बघायला जावं ते नेमकं त्या अंगठ्याखाली जातं. थंडीतच डॉक्टर म्हणाला होता, की हे परत यायचं नाही, गाडी सोडा. मला घरी येऊन काय सांगितलं होतं? चष्म्याचा नंबर वाढलाय! मी रागवावं की रडावं ते मला कळेना, म्हणून केळं सोललं. तर हे म्हणतात, "मुलांना सांगू नकोस. किल्ली काढून घेतील आणि मला फुलदाणीसारखं कोपऱ्यात ठेवतील. रविवारी तू आजच्यासारखी शेजारी बस आणि बोलत राहा. आता पिंपाचं वळणही पाठ झालं. बटण मागे बसेल."

बटण मागे बसेल. ते केळं माझ्या हातातच राहिलं.

परत कसे आलो तेही ऐक. मासळीचा टेम्पो घेऊन दोन बहिणी शहराकडे निघाल्या होत्या. मी रस्त्यात उभी राहून हात केला आणि म्हटलं, "बायांनो, मला घेरी येते आहे." जन्मात घेरी आली नाही मला, तुझ्या बाबाच्या जन्माच्या वेळीसुद्धा सकाळपर्यंत पाणी भरत होते मी. कपाळावर हात ठेवून अशी काही डुलले, की धाकटी बहीण म्हणाली, "आजी, तुम्ही मागे पडून राहा, गाडी मी आणते." आणि आजोबांना म्हणाली, "तुम्ही आजींना धरून बसा." त्यांनी किल्ली दिली. मागच्या सीटवर माझ्या खांद्याला धरून बसले. शहर येईपर्यंत मी डोळे मिटून घेरीत, आणि ते मला धरून. गाडीत मासळीचा असा वास सुटला की दारं उघडी टाकली तरी अजून जात नाही. शहरात शिरताना ते माझ्या कानाशी पुटपुटले, "पुरे आता, उतरली असेल तुझी घेरी." म्हणजे कळलं होतं. पण हात काढला नाही.

त्याला आता आठवडा होत आला आणि घरात त्याबद्दल एक अक्षर नाही. पिंप नाही, अंगठा नाही, काही नाही. रोज सकाळी गाडी पुसणं चालू. काल त्यांचं बटणाशी फोनवर बोलणं झालं, "दीपगृहापाशी तू हॉर्न वाजवायचास हं!" मी स्वयंपाकघरात ऐकत होते, दूध उतू गेलं. मी काय केलं, किल्ली पिठाच्या डब्यात पुरली. दुसऱ्या दिवशी बघते तर ती खुंटीवर, पीठ लागलेली. हाताने चाचपून घरातली सुईसुद्धा सापडते त्यांना. मग मी ती बुटांत लपवली. परत खुंटीवर. आम्ही दोघं जेवायला समोरासमोर बसतो आणि मधे ती खुंटीवरची किल्ली तिसऱ्या माणसासारखी आमच्याकडे बघत असते. मला झोप लागत नाही. डोळा लागला की हात ठोकायला उठतो आणि खाली फळी नसते.

खरं सांगते, हे पत्र मी चोरून लिहायला बसले होते. तुझ्या बाबाला नाही, तुलाच. एवढंच लिहायचं होतं, की येताना लायसन्स घेऊन ये आणि आल्या आल्या हट्ट धर, आजोबा, मला चालवू द्या म्हणून. मी कळवलं असं दाखवू नकोस. चोरून म्हणजे तरी काय, आजोबा समोरच बसलेत, वाटाणे सोलताहेत, आणि त्यांच्या नाकासमोर लिहिलं तरी त्यांना वाचता येत नाही. हे माझ्या ध्यानात आलं आणि पेन जड झालं गं. जो माणूस डोळे मिटल्यासारखा माझ्या ठोक्यावर गाडी मागे घेतो, त्याच्या समोर बसून त्याला न दिसणारं लिहायचं? तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "एवढं काय लिहितेस?" मी म्हटलं, "समुद्राचं." म्हणाले, "वाच." मग मी वाचलं, भिंगरी. सगळं वाचलं, दांड्यापासून ते दूध उतू गेल्यापर्यंत, अंगठासुद्धा, घेरीसुद्धा. दांड्याला ते हसले, पुढे हसले नाहीत. बटण मागे बसेल, ते वाचलं तेव्हा हातातली शेंग तशीच धरून बसले. वाचून संपलं. मी म्हटलं, "अहो, चालवणारे तुम्ही, मी नुसती ठोकणारी. पण आज ठोकायचं तुमच्याकडे. एकदा ठोका, मी फाडून टाकते." खालच्या बाईंचा नळ सुरू होऊन बंदही झाला. मग त्यांनी बोटाचं पेर टेबलावर आपटलं. एकदा. मी फाडायला कागद धरला. आणि मग, ऐक, मग दुसऱ्यांदा. वाटाणे उडून जमिनीवर गेले, ते मी अजून उचललेले नाहीत, आधी तुला लिहितेय. शेंग फोडत म्हणाले, "खाली लिही. पोरगी वळणात ब्रेक मारते, वळणाच्या आधी मारायचा असतो. लायसन्स विसरू नको म्हणावं. शेजारची सीट माझी, मी ठोकेन. तू मागे बटणाजवळ बस आणि आम्हा दोघांना समुद्र सांग." तर बाळे, ये. दीपगृहाच्या अलीकडे एक वळण खचलंय, त्याचं मी आधीच सांगेन. किल्ली खुंटीवर आहे, आता ती लपवायचं कारण नाही. थोडं पीठ लागलंय, पुसून घे.

तुझीच,
मागच्या सीटवरून बोलणारी,
आजी